एक बाटली आणि दोनशे किलोमीटर

धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली तेव्हा बाईंनी आधी मशीनला शिव्या घातल्या, मग मशीनवाल्याला, आणि मग भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या पाटीला. तिघांनाही काही फरक पडला नाही.

"मर्यादा तीनची आहे बाई," मशीनवाला म्हणाला. "तुमची गाडी साडेपाच ओकतेय. मी काय करू?"

"नळी नीट घातलीत का?"

"दोनदा घातली."

"मग तिसऱ्यांदा घाला."

त्यानं तिसऱ्यांदा घातली. पाच पूर्णांक सात आलं. "बघा, रागावली तुमच्यावर," असं म्हणून त्यानं कागदावर लाल शिक्का हाणला. शनिवारी दुपारपर्यंत गाडी पुन्हा आणायची. तेव्हाही नापास झाली तर छपरावरची 'शिकाऊ' पाटी उतरवायची आणि शिकवण्याचा परवाना परिवहन कचेरीच्या खिडकीत परत करायचा. त्या दिवशी सोमवार होता.

बाईंची मोटर शिकवायची शाळा म्हणजे एकखांबी तंबू. एक खोली, भिंतीवर खुणांचा तक्ता, दारात एक गाडी आणि गाडीत बाई. चौदा वर्षांत ह्या एका गाडीत अकराशे माणसं चालवायला शिकली. शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवलेले असतात. त्यातल्या ब्रेकवरून बाईंचा पाय कधी हलत नसे, म्हणून विद्यार्थी पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना ते नाव आवडायचंही. अकराशे माणसं आणि एकाचंही डोकं फुटलं नाही, ते काय आपोआप?

अलीकडे चौकात एक मोठी शाळा झाली होती. बारा गाड्या, थंडगार खोली, खेळण्यातल्यासारखं स्टिअरिंग आणि समोर पडदा. तिथल्या मालकानं दोनदा निरोप धाडला होता, या आमच्याकडं. शिकवायला नव्हे हं. "अनुभवी बाईमाणूस आहात, फोनवर बसा, चौकशा घ्या." गाडीतून उतरवायचं, खुर्चीत कोंबायचं आणि वर मान दिल्याचा आव आणायचा. असल्या लोकांची ही जुनी रीत आहे. पाटी गेली की ती खुर्ची होतीच. बाईंनी सोमवारी घरी येईपर्यंत त्या खुर्चीशिवाय दुसरा विचार केला नाही.

दिराचं गॅरेज घरामागच्या गल्लीत. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर सायकलची चेन उलटी बसवून रडत होता. आता तो इंजिनं उघडत होता आणि रडत होती ती गिऱ्हाइकं. बाईंनी लाल शिक्क्याचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं कागदाकडं पाहिलंच नाही. बॉनेट उघडलं, चारही प्लग काढले आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.

"वहिनी, हे प्लग आहेत का चुलीतली कोलितं?"

"असं कसं होईल? मी औषध घालते की."

"कसलं औषध?"

बाईंनी डिकीतून बाटली आणून दाखवली. पेट्रोलमध्ये घालायचं, इंजिन आतून साफ करणारं औषध. बाटलीवर एक चित्र होतं. अर्धं इंजिन काळं, अर्धं चांदीच्या ताटासारखं. असं इंजिन जगात कुठल्याही गाडीत नसतं, पण चित्र काढणाऱ्याला कोण विचारतो.

"किती घालतेस?"

"एक झाकण. दर सोमवारी."

"एक झाकण."

"हो. एक बाटली दोन महिने जाते मला."

दिरानं पाना खाली ठेवला. "हे काय खोकल्याचं औषध आहे का वहिनी? एक चमचा, जेवणानंतर, दूध वर्ज्य?"

"जास्त झालं तर इंजिनाला बाधेल म्हणून मी बेतानं घालत होते."

"मागं वाच. ढळढळीत लिहिलंय. अख्खी बाटली, एका टाकीत, एका वेळी. झाकणभर घातलंस तर टाकीला कळतसुद्धा नाही कुणी आलं म्हणून."

बाईंनी बाटली उलटी केली आणि वाचलं. रस्त्याच्या नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, त्यातल्या छपाईच्या चुकांसकट. बाटलीच्या पाठीवरच्या चार ओळी मात्र त्यांनी तीन वर्षांत एकदाही वाचल्या नव्हत्या. औषध म्हटलं की बेतानं घालायचं, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. जन्मभर ब्रेकवर पाय ठेवून बसलेलं माणूस बाटलीसुद्धा ब्रेक लावत लावतच ओतणार.

"आणि वाचलं असतंस तरी निम्मंच काम झालं असतं," दीर म्हणाला. तो आता रंगात आला होता. "औषध पेट्रोलबरोबर आत जातं, वाल्ववरची काजळी सैल करतं. ती जळून बाहेर पडायची तर इंजिन तापायला लागतं, दम लागेस्तोवर पळायला लागतं. तुझी गाडी पळते कुठं? मैदानाला चार फेऱ्या. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, रिव्हर्स. चौदा वर्षांत हिनं चौथा गिअर किती वेळा पाहिलाय?"

"चौथा गिअर परीक्षेत विचारत नाहीत."

"बघ! परीक्षेत नाही म्हणून गाडीनं तो ऑप्शनला टाकला!"

"भावजी, दात काढू नका. तुम्हीच म्हणत होतात ना, सगळ्या बाटल्या थोतांड?"

"थोतांड ते चित्र. बाटली ओतून घरी झोपलं की इंजिन चांदीचं होतं, असं सांगणाऱ्याला उलटा टांगला पाहिजे. आतलं औषध खरं आहे. मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, कारण सांगितलं की ती तुझ्यासारखी एकेक झाकण घालतात आणि मग मला शिव्या देतात."

मग त्यानं हात पुसले आणि सरळ सांगितलं. इंजिन उघडून वाल्व घासायचे तर सुटे भाग मागवण्यातच पंधरा दिवस जाणार. शनिवार गाठायचा तर मार्ग एकच. टाकी जवळजवळ रिकामी करून आणायची, अख्खी बाटली ओतायची, वर पेट्रोल भरायचं आणि मोठ्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर हाणायची. चौथ्या गिअरात, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारावर. शुक्रवारी तो प्लग आणि तेल बदलून देईल. नंतरचं मशीनच्या हातात.

"मग तुम्ही न्या."

"माझ्याकडं चार गाड्या पोट उघडून पडल्यात. आणि अर्ध्या शहराला तू चालवायला शिकवलंस, वहिनी. तूच ने की."

बाईंनी बाटलीचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं.

"काय झालं?"

"कुठं काय? नेते."

झालं होतं ते बाई कुणाला सांगणार नव्हत्या. चौदा वर्षं त्या स्वतः गाडी चालवत होत्या ती घरापासून मैदानापर्यंत, फार तर कचेरीपर्यंत. बाकी सगळा वेळ शेजारच्या सीटवर. मोठ्या रस्त्यावर, स्टिअरिंगमागे त्या शेवटच्या कधी बसल्या होत्या ते त्यांना आठवेना. खूप आठवल्यावर लक्षात आलं की बसल्याच नव्हत्या. पोहायला शिकवणाऱ्यानं काठावर उभं राहून वर्षं काढावीत तसं हे. आणि हे सांगायचं तरी कुणाला? नवरा पावाच्या भट्टीवर कामाला. कानात पीठ घेऊन घरी यायचा आणि आडवा व्हायचा. शिवाय बाईंच्या साऱ्या आयुष्यात तिसऱ्या दिवशी हात जोडून पळालेला विद्यार्थी तो एकटाच. त्याला भीतीबद्दल विचारलं असतं तर त्यानं दोन तास व्याख्यान दिलं असतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता दिरानं अख्खी बाटली टाकीत उपडी केली. रॉकेलसारखा वास सुटला. बाईंना वाटलं, आठ आठवड्यांचं औषध एका घोटात पाजलं, आता काय होतंय देव जाणे. त्यांनी पंपावर पेट्रोल भरलं आणि गाडी शाळेच्या दारात आणली. तिथं शिंपीकाका उभे.

शिंपीकाका बासष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं मशीनवर सूट शिवून दुकान बंद केलं आणि मुलीनं जुनी गाडी दिली म्हणून शिकायला आले. तीन महिने झाले तरी अजून गाडी सुरू करताना हनुवटी थरथरायची. बाईंनी मनातल्या मनात त्यांच्यावर फुली मारली होती.

"बाई, सातचा तास माझा."

"आज तास नाही काका. गाडीचं औषधपाणी आहे. लांब जायचंय."

"मग मी नुसता शेजारी बसतो. घरी गेलो तर ही भाजी निवडायला बसवते."

आणि ते बसलेसुद्धा. बाईंच्या सीटवर, बाईंच्या ब्रेकसमोर.

बाईंनी पट्टा लावला, आरसे नीट केले, पुन्हा नीट केले. सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "आरसा. खूण. क्लच." आणि सवयीनंच काकांनी "हो बाई" म्हटलं. गाडी निघाली.

मोठ्या रस्त्याला लागताना एक ट्रक असा अंगावरून गेला की गाडी कापडासारखी फडफडली. तिसरा गिअर. मागून हॉर्न. चौथा टाकला आणि गाडी एकदम जमिनीला चिकटल्यासारखी मंदावली.

"काका! पाय!"

"तुम्ही फार जोरात जाताय बाई."

"पन्नासवर आहे मी!"

"तेच म्हणतोय मी."

"ब्रेकवरचा पाय काढा. मांडी घाला."

"गाडीत?"

"गाडीत. घाला म्हणते ना!"

काकांनी चपला काढून सीटवर मांडी घातली आणि लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे ताठ बसले. बाईंनी पाय दाबला. साठ. इंजिन खोकलं. सत्तर. इंजिनानं दोन गचके दिले आणि आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला. काळा धूर. एक टेंपोवाला बाजूनं पुढं काढता काढता ओरडला, "बाई, चूल घेऊन निघालात का?"

बाईंचा पाय आपोआप उचलला गेला. काटा अडीच हजारावर आला. डाव्या हाताला थांबायला मोकळी जागा दिसत होती. तिथं गाडी घ्यावी, दिराला फोन करावा, तुमच्या अख्ख्या बाटलीनं माझ्या गाडीचं वाटोळं केलं म्हणून दोन शिव्या द्याव्यात आणि दोरी बांधून घरी जावं, किती सोपं होतं. शनिवारी पाटी उतरवायची आणि सोमवारी फोनपाशी बसायचं. "हॅलो, आमच्याकडं बारा गाड्या आहेत." ते वाक्य बाईंना स्वतःच्या आवाजात ऐकू आलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. खड्ड्यात जाऊ दे ती खुर्ची. त्यांनी पाय पुन्हा खाली दाबला.

"काका, मागं वळा. धुराचा रंग सांगत राहा. माझी नजर पुढं आहे."

काका मांडीसकट वळले. रंग हे त्यांचं काम होतं. "काळा. पक्का काळा, सुटाचा."

"आता?"

"सुटाचाच."

पाच किलोमीटर. दहा. काटा तीन हजारावर, ऐंशीचा वेग, बाईंचे दात एकमेकांवर घट्ट.

"आता?"

"विटला. बाई, रंग विटला. अस्तराचा झाला, राखी."

"आणि आता?"

काका बराच वेळ बघत राहिले. "मलमल. आणि तीसुद्धा धुतलेली. मला रस्ता दिसतोय."

साठ-सत्तर किलोमीटर झाले असतील तेव्हा बाईंना वाटलं, काहीतरी हरवलंय. काय ते कळेना. मग हातांना कळलं. स्टिअरिंगची थरथर थांबली होती. नवीन आलेल्या प्रत्येकाला बाई पहिल्या दिवशी सांगत, ही गाडी अशीच हलते, घाबरायचं नाही. कितीतरी वर्षं सांगत आल्या होत्या. गाडी अशी नव्हतीच. गाडीच्या छातीत काजळी बसली होती आणि बाई तिला तिचा स्वभाव म्हणत होत्या. त्यांना स्वतःचा संताप आला, आणि त्या संतापातच हसू फुटलं. त्या मोठ्यानं हसल्या. खिडकी खाली केली. वारा आत घुसला, केस तोंडावर आले, पुढं दोन ट्रक होते. बाईंनी खूण दिली, आरशात पाहिलं आणि दोन्ही ट्रक मागं टाकले.

"बाई," काका सीट घट्ट धरून म्हणाले, "तुम्हाला येतं की चालवायला."

शंभर किलोमीटरवर एका टपरीशी त्या वळल्या. उभ्या उभ्या चहा घेतला. पुन्हा बसायला गेल्या तर उजवी पोटरी लाकडासारखी. चौदा वर्षं ब्रेकवर टेकलेल्या पायाला रेस धरून ठेवायची सवय नव्हती. इंजिन थंड होऊ द्यायचं नव्हतं आणि पाय तर हलेना.

"मी घेऊ का, बाई?" काका म्हणाले.

बाईंचा नियम होता, चार महिन्यांच्या आत तिसरा गिअर नाही. मोठ्या रस्त्याचं तर नावच नाही. त्यांनी काकांच्या हनुवटीकडं पाहिलं. थरथरत होती. मग निवत चाललेल्या इंजिनाची टिकटिक त्यांना ऐकू आली. आणि किल्ली काकांच्या हातात ठेवली.

काकांनी गाडी दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा निघाली. बाई शेजारी बसल्या, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, कारण पाय खाली सोडले असते तर ब्रेक दाबला गेलाच असता. दुसरा, तिसरा. "टाका चौथा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घ्यावेसे वाटले तरी मिटले नाहीत.

चौथा पडला. गाडी सरळ धावू लागली. इतकी सरळ, की बाईंनी मान वाकडी करून पांढरी रेघ पाहिली. चाक आणि रेघ ह्यांतलं अंतर बोटभरही बदलत नव्हतं. काकांची हनुवटी शांत होती.

"अहो बाई, हे तर शिवणमशीन आहे," काका म्हणाले. "पाय एकसारखा ठेवायचा आणि कापड सरळ जाऊ द्यायचं. मी उगाच घाबरत होतो. तुमच्या मैदानात तुम्ही तीन महिने मला नुसती काजं करायला लावलीत."

तीन महिने ह्या माणसाला बाईंनी भित्रा ठरवला होता आणि त्याला एकदाही सरळ रस्ता दिला नव्हता. त्यांनी हळूच एक पाय खाली सोडला, पण ब्रेकच्या बाजूला, चटईवर.

शुक्रवारी दिरानं प्लग काढले. टोकं बिस्किटाच्या रंगाची झाली होती. त्यानं ती बाईंना दाखवली, शेजारच्या गॅरेजवाल्याला दाखवली, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही दाखवली. नवे प्लग बसवले, काळं झालेलं तेल बदललं. "आता दर तीन महिन्यांनी अख्खी बाटली आणि एक लांब चक्कर," तो म्हणाला. "आणि झाकणं मोजताना दिसलीस तर मी दादाला सांगेन."

"त्याला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत. पण सांगेन."

शनिवारी अकरा वाजता बाई तपासणीच्या रांगेत. बरोबर दीर आणि शिंपीकाका, दोघंही न बोलावता आलेले. मशीनवाल्यानं नळी घातली. पडद्यावरचा आकडा चढू लागला. एक. दीड. दोन. दोन पूर्णांक एक. तिथं तो थांबला, मागं सरकला, एक पूर्णांक आठवर आला आणि बसला.

"काय केलंत हो गाडीला?" मशीनवाल्यानं विचारलं आणि निळा शिक्का मारला.

"प्लग बदलले मी," दीर म्हणाला.

"परतीचे शंभर किलोमीटर मी आणली," काका म्हणाले.

"अहो, औषध मुळात तुम्हीच थोतांड म्हणत होतात," बाई दिराला म्हणाल्या.

"चित्राला म्हणालो! चित्राला!"

मशीनवाल्यानं तिघांनाही हाताला धरून बाहेर काढलं, कारण मागं रांग होती.

बाहेर उभं राहून बाईंनी मोठ्या शाळेच्या मालकाला फोन लावला. म्हणाल्या, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या, मला बसायला माझी सीट आहे. तो म्हणाला, पुन्हा विचार करा. बाई म्हणाल्या, केला, आणि फोन ठेवला. मग काकांना सांगितलं, मंगळवारपासून एक दिवस मैदान, एक दिवस मोठा रस्ता. आणि ते एकट्या काकांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी.

"आणि माझी परीक्षा?"

"पुढच्या महिन्यात. वळवून गाडी लावायला शिका आधी. नुसतं सरळ जाऊन कुणी पास करत नाही."

दोघांना वाटेत सोडून बाई घरी आल्या तेव्हा नवरा नुकताच उठला होता. बनियनवर, हातात कप. त्यांनी निळा शिक्का दाखवला. तो खूश झाला, कप खाली ठेवून त्यानं कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. मग बाईंनी त्याला शर्ट घालायला लावला आणि गाडीत बसवला.

"कुठं जायचंय?" त्यानं पट्टा दोन्ही हातांनी धरून विचारलं.

"कुठं नाही. चौथ्यात."

"म्हणजे किती लांब?"

"तुला भूक लागेपर्यंत."

"मला लागलीय."

"गप बस," बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्यावरून चौथा टाकला.